पान एक्केचाळीस

१० फेब्रुवारी

दादा,

वर ‘तीर्थरूप’ लिहिलं होतं, खोडलं. अकरा वर्षांनी तुला पत्र लिहायला बसले आणि पहिल्याच शब्दाला हात अडला. क्षेमकुशल विचारत नाही. तू बराच असशील. तुझे फोटो छापून येतात, त्यात तब्येत दिसते.

कामाचं लिहिते. आपलं पुस्तक काढ. तुझ्या कपाटात सगळ्या आवृत्त्या ओळीने लावलेल्या असतील. तारे, ग्रह, सूर्यमाला, मुलांना कळेल अशा भाषेत, शहाण्णव पानं. त्यातलं पान एक्केचाळीस उघड. वर मथळा आहे, ‘सूर्यग्रहण कसे पाहाल?’ खाली तुझी चार वाक्यं, आणि एका मुलीचं चित्र. मुलगी दोन्ही हातांनी एक्स-रेची फिल्म डोळ्यांसमोर धरून वर बघते आहे. पानाच्या तळाला चौकटीत कृती दिली आहे: ‘दर पाच मिनिटांनी सूर्याची आकृती वहीत काढा.’

सतरा जानेवारीला सकाळी इथे खंडग्रास ग्रहण होतं. माझ्या घरापासून बसने दोन तासांवर एक शाळा आहे. तिथल्या सहावीतल्या मुलीने हे पुस्तक वाचनालयातून घरी नेलं होतं. घरचे तिला भिंगरी म्हणतात, मीही तेच लिहिते. भिंगरीने पान एक्केचाळीस दोनदा वाचलं. आजोबांकडून त्यांच्या छातीचा एक्स-रे मागून घेतला, वही-पेन्सिल घेतली आणि गच्चीवर गेली. इमारतीतली बाकीची मुलंही होती. त्यांनी एकेकदा फिल्म डोळ्यांना लावली, ‘हॅ, एवढंच?’ म्हटलं आणि खेळायला पळाली. ही मात्र बसून राहिली, कारण हिला कृती पुरी करायची होती. चाळीस मिनिटांत नऊ आकृत्या.

दुखलं काहीच नाही. डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळत नाही, हे मी तुला शिकवायला नको. संध्याकाळी आई समोर येऊन उभी राहिली तर हिला आईचे कान दिसले, केस दिसले आणि मधे चेहऱ्याच्या जागी करडा डाग. तिला वाटलं, डोळ्यात काहीतरी गेलंय. तिने पाण्याने डोळे धुतले. आईला सांगितलं दुसऱ्या दिवशी, वर्गात फळा वाचता येईना तेव्हा.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. दोन्ही पडदे भाजलेत, बरोब्बर मध्यावर, जिथून आपण वाचतो, सुई ओवतो, माणूस ओळखतो. उजवा जास्त, डावा कमी. औषध नाही. सहा महिन्यांत जेवढं आपोआप परत येईल तेवढंच येणार.

शाळेच्या विज्ञानाच्या बाईंनी प्रकाशकांना पत्र लिहिलं. प्रकाशकांनी ते माझ्याकडे ढकललं. तुला त्रास कशाला द्यायचा, आधी तुम्ही बघून घ्या, म्हणाले. मी गेले. मुलीच्या आईने मला बसायला खुर्ची दिली, चहा केला. मी वही बघितली. नऊ वर्तुळं कंपासने काढलेली, प्रत्येकाशेजारी वेळ लिहिलेली, चंद्राने खाल्लेला भाग पेन्सिलने भरलेला. शेवटच्या दोन आकृत्यांत कड डगमगली आहे.

तुझ्याकडून मला एकच हवंय. तीन ओळींचं पत्र. पान एक्केचाळीसवरची सूचना चुकीची आहे. फिल्ममधून सूर्याकडे कधीही बघू नये. ही चूक माझी आहे. खाली सही. ती चिठ्ठी छापून प्रत्येक शाळेतल्या प्रत्येक प्रतीत चिकटवायची, हे मी प्रकाशकांकडून करून घेईन.

आठ दिवसांत उत्तर दे.

चिंगी

२८ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर आलं. संस्थेच्या कागदावर, टाइप केलेलं, वर जावक क्रमांक. बहिणीला पाठवायच्या पत्रालाही तुमच्याकडे जावक क्रमांक लागतो, हे नव्यानेच कळलं.

मी ते चार वेळा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, दुसऱ्याच कुणाचं पत्र चुकून माझ्या पाकिटात पडलं. मुलीचं नाव नाही, डोळे कसे आहेत याची चौकशी नाही. ‘सदर घटना दुर्दैवी आहे.’ दुर्दैव, दादा? नऊ आकृत्या काढल्या तिने. दुर्दैव असं वेळापत्रक लावून येतं का?

आता तुझे मुद्दे घेते, एकेक.

तू लिहितोस, मजकुरात ‘क्षणभर पाहा’ असं स्पष्ट आहे. आहे. आणि त्याच पानावर खाली आकृती काढायला सांगितलं आहे. तू जन्मात कधी चित्र काढलं नाहीस, म्हणून तुला ठाऊक नाही. बघितल्याशिवाय काढता येत नाही. बघायचं, कागदावर यायचं, शंका आली की पुन्हा बघायचं. चांगलं काढणारा माणूस जास्त बघतो. त्या गच्चीवरची सगळ्यांत मन लावून काम करणारी मुलगी होती म्हणून तिचे डोळे गेले. उनाड पोरं वाचली.

तू लिहितोस, मोठ्यांची देखरेख असायला हवी होती. आई कामात होती. आजोबांनी विचारलं होतं, फिल्म कशाला? ती म्हणाली, पुस्तकात दिलंय. आजोबांनी फिल्म काढून दिली. छापील पुस्तकावर विश्वास ठेवला, हा त्यांचा गुन्हा.

फिल्मचं मी आता वाचून घेतलं. काळी फिल्म उजेड कमी करते, म्हणून डोळे दिपत नाहीत आणि माणूस आरामात बघत राहतो. बाहुली मोठी होते. जे किरण दिसतच नाहीत ते आत येत राहतात. म्हणजे नुसत्या डोळ्यांनी बघितलं असतं तर तिने दोन सेकंदांत मान वळवली असती. फिल्मने तिला थोपवून धरलं.

आणि तुझा शेवटचा मुद्दा. ‘त्या काळी सर्वत्र हीच पद्धत सांगितली जात असे.’

दादा, हे वाक्य तू दुसऱ्या कुणाला लिही. मी तिथे होते.

पंचवीस वर्षांपूर्वी पुस्तक छापखान्यात होतं, त्याच महिन्यात ग्रहण आलं. आपण तुझ्या कॉलेजच्या गच्चीवर होतो. तू, वहिनी, मी आणि तुझी लेक, तेव्हा नऊ वर्षांची. पान एक्केचाळीसच्या चित्रासाठी तीच उभी राहिली होती, आपल्या स्वयंपाकघरात, ट्यूबलाइटखाली. ग्रहणाच्या दिवशी ती तीच फिल्म घेऊन आली. तू ती तिच्या हातातून हिसकावलीस. नंतर बुटांचं एक खोकं काढलंस. एका बाजूला चांदीच्या कागदात सुईने पाडलेलं भोक, दुसऱ्या बाजूला आतून पांढरा कागद. तिला सूर्याकडे पाठ करून उभं केलंस आणि म्हणालास, आत बघ. आत मुगाच्या दाण्याएवढा सूर्य होता आणि त्याचा एक तुकडा खाल्लेला होता. मीही बघितला. पोरगी म्हणाली, “बाबा, पण चित्रात तर मी फिल्म धरलीय.”

तू म्हणालास, “ते पुस्तकासाठी आहे.”

छापखाना तिथून चालत वीस मिनिटांवर होता.

मला जावक क्रमांक नको. सही हवी आहे.

चिंगी

११ मार्च

दादा,

उत्तर नाही. ठीक. तू गप्प बसलास म्हणून जग थांबत नाही, तेवढं खगोलशास्त्र मलाही येतं.

प्रकाशकांकडे जाऊन आले. त्यांच्या टेबलावर नव्या आवृत्तीचं मुखपृष्ठ होतं. पुस्तकाला पंचवीस वर्षं झाली म्हणून विशेष आवृत्ती, आणि एप्रिलमध्ये तुझा सत्कार. तू पत्रात याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतंस. मी विचारलं, पान एक्केचाळीसचं काय? ते म्हणाले, अहो ते आम्ही या वेळी काढूनच टाकलंय, तिथे उल्कांचं चित्र घेतलंय. किती सोपं! काढून टाकलं. जसं काही कधी नव्हतंच. आणि शाळांच्या कपाटांतल्या जुन्या प्रती? त्यावर ते पंख्याकडे बघू लागले. मग म्हणाले, लेखकाने लेखी दिलं तर चिठ्ठी छापायला आमची ना नाही. लेखक देणार नाही हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. तुमचं बोलणं झालेलं दिसतंय.

आपलं ठेवायचं झाकून, ही म्हण तरी पुरी आहे. तुम्ही दोघं तर झाकायलाही उल्का वापरता.

मी त्यांच्याकडून यादी मात्र घेतली. आजूबाजूच्या चौतीस शाळांनी हे पुस्तक घेतलंय. काहींनी दहा-दहा प्रती.

परवा वहिनींचा फोन आला. त्यांचाही आवाज अकरा वर्षांनी ऐकला. सुरुवात गोड होती. तुझा रक्तदाब, तुझी झोप, तुझं वय. मी ऐकून घेतलं. मग मुद्द्यावर आल्या. “एका मुलीपायी त्यांच्या आयुष्यभराच्या कामाची माती करणार का तुम्ही?”

मी म्हटलं, “वहिनी, तुमच्या एका मुलीपायी त्यांनी खोकं केलं होतं.”

त्यांनी फोन ठेवला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग तासाभराने बरं वाटेनासं झालं. कारण असं फाडकन बोलायला मी काही धुतल्या तांदळासारखी नाही.

एक सांगायचं राहिलं होतं. पहिल्या पत्रात मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं की मी गेले, वही बघितली. कोण म्हणून गेले, ते लिहिलं नाही. भिंगरीच्या आईने दार उघडून विचारलं, आपण? मी म्हटलं, प्रकाशकांकडून आले. बस्स, एवढंच. त्या बाईने पुस्तक माझ्यापुढे धरलं, पान उघडलं, चित्रातल्या मुलीवर बोट ठेवलं, आणि म्हणाली, बघा, किती छान हसतेय. ते हसू मी तीन वेळा पुसून काढलं होतं, जमेपर्यंत. मी मान हलवली आणि चहा प्यायले.

आपलं भांडण कशावरून झालं, आठवतं? रंगीत आवृत्तीत तू छापलंस, ‘चित्रे: संग्रहातून’. एकशे बारा चित्रं माझ्या हातची, नकाशांच्या कार्यालयातून थकून आल्यावर रोज बसून काढलेली, आणि मी संग्रह झाले. मी तुला फोनवर नाही नाही ते बोलले आणि तू फोन आपटलास. अकरा वर्षं मी तो राग जपला, लोणच्यासारखा. आणि त्या दिवशी त्या खुर्चीत बसून माझ्या मनात पहिला विचार काय आला माहीत आहे? बरं झालं, माझं नाव नाही.

तुझ्यावर तर संताप आहेच. त्या विचारावरही आहे.

चिंगी

२ एप्रिल

दादा,

पुन्हा गेले होते. या वेळी सगळं सांगून टाकायचं ठरवून.

भिंगरीची आई घरी दप्तरं शिवते. वडील लांब बंदरावर क्रेन चालवतात, दोन महिन्यांनी एकदा येतात. मी गेले तेव्हा ती मशीनवर होती. मी उभ्या उभ्याच बोलले. पुस्तक माझ्या भावाचं आहे, ते चित्र मी काढलंय, आणि मागच्या वेळी मी हे लपवलं. तिने मशीन थांबवलं नाही. हातातली शिवण संपवली, दोरा तोडला आणि मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, “मागच्या वेळी तुम्ही चहा पिऊन गेलात.”

या वेळी तिने चहा विचारला नाही. मी तिथेच उभी राहिले. थोड्या वेळाने तिने दुसरं दप्तर ओढून घेतलं आणि म्हणाली, मला सांगून काय उपयोग, शाळेत जाऊन सांगा, तिथे सगळ्यांनी हेच वाचलंय.

मग शाळेत गेले. विज्ञानाच्या बाई सडेतोड आहेत. मला म्हणाल्या, माफीचं भाषण नको, मुलांना खरं काय ते शिकवा. सहावीच्या वर्गात उभी केली. मी आयुष्यात कधी शिकवलेलं नाही, तुला माहीत आहे. मी पान एक्केचाळीस उघडायला लावलं आणि सांगितलं, हे चूक आहे, हे चित्र माझं आहे, या पानामुळे तुमच्या वर्गातल्या मुलीचे डोळे भाजलेत. त्यांना पेनने पानावर मोठी फुली मारायला लावली. वाचनालयाच्या पुस्तकावर फुली मारायला मिळतेय म्हणून काही जण फार खूश झाले. मुलंच ती.

मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. “मग बाकीचं पुस्तक खरं आहे का?”

दादा, याचं उत्तर काय द्यायचं? हो म्हटलं तर त्यांनी का मानावं? त्यांनी एकदा मानलंच होतं. मी म्हटलं, तपासूया.

तेव्हापासून दर बुधवारी आणि शनिवारी सकाळी मी त्या बसने जाते. पहिल्या पानापासून सुरू केलं. जे वर्गात, अंगणात तपासता येतं ते तपासतो. पृथ्वी फिरते ना? मैदानात काठी रोवली, दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवला. खडे सरकले. लगेच एकीने विचारलं, सूर्य फिरला तरी सावली अशीच सरकेल की. बाईंनी सांभाळून घेतलं. घरी जाऊन रात्रभर वाचलं आणि पुढच्या वेळी गेले. सूर्यमाला मैदानात मांडली, सूर्य म्हणजे फुटबॉल धरला तर पृथ्वी ज्वारीच्या दाण्याहून लहान आणि चोवीस पावलांवर. मुलं म्हणाली, खोटं, पुस्तकात तर सगळे ग्रह शेजारी शेजारी आहेत. ते चित्रही माझं. तिथेही लिहिलं, ‘अंतरं खरी नाहीत’. नवव्या ग्रहावर काट मारली. ताऱ्यांच्या रंगांपाशी आलो. तांबडा तारा जास्त तापलेला की निळा? सगळे ओरडले, तांबडा! तुझं पुस्तक सांगतं, निळा जास्त तापलेला, तांबडा त्या मानाने थंड. बाईंनी मेणबत्तीची ज्योत दाखवली, बुडाशी निळी. मग स्वतःच म्हणाल्या, पण हा पुरावा नव्हे, ज्योतीचं निळेपण वेगळ्या कारणाने असतं. मग काय करायचं? शेवटी लोहाराच्या दुकानात नेलं. लोखंड आधी तांबडं, मग नारिंगी, मग पांढरट पिवळं. तापत जाताना रंग सरकत जातो, एवढं तरी सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं.

भिंगरी पहिल्या बाकावर बसते. वही लिहीत नाही, शेजारची वाचून दाखवते. माझ्याशी अजून बोलत नाही.

साठ पानं झाली. दादा, तुझं बाकीचं पुस्तक खरं आहे. नीट, सोपं, एकही शब्द जड नाही. मला तेच सहन होत नाही. गाढवाने लिहिलं असतं तर मी सोडून दिलं असतं. तुला सगळं येत होतं, समजावून सांगायचं कसं तेही येत होतं, आणि एका पानावर तू कंटाळा केलास.

आता मी ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. अठ्ठावन्न-एकोणसाठ पानांवर शनी आला. दोन पानभर. वर्गात ‘अय्या’ झालं. कडी दोन्ही पानांच्या टोकांपर्यंत गेलेली, त्यांच्यामधली फट, गोळ्यावर पडलेली कड्यांची सावली. तीन आठवडे लागले होते मला.

मुद्रितं तपासताना मी तुला विचारलं होतं, दादा, फिल्मऐवजी खोकं नको का दाखवायला? तू म्हणालास, खोकं समजवायला दोन पानं लागतील, शहाण्णवच्या वर प्रकाशक एक पान देत नाहीत. मग म्हणालास, “तुझा शनी एका पानात बसव, खोकं घालतो.”

मी नाही म्हटलं. भांडले. रडलेसुद्धा. शनी दोन पानांचाच राहिला.

या सगळ्या पत्रांत हे तू माझ्या तोंडावर फेकू शकला असतास. फेकलं नाहीस. विसरलास, की राखून ठेवलंयस, मला कळत नाही. आता राखून ठेवायची गरज नाही, मीच लिहून दिलं.

पण एक लक्षात ठेव. मी चित्रासाठी हटून बसले तेव्हा मला फिल्मचं नीट माहीत नव्हतं. गच्चीवर तू ती हिसकावलीस तेव्हा दोघांनाही कळलं, आणि दोघंही घरी जाऊन जेवलो.

उद्या चौतीस शाळांना पत्रं टाकतेय. माझ्या सहीने. त्यात सगळं आहे, शनीसुद्धा, गच्चीसुद्धा. तुझ्या सत्काराच्या आधी पोचतील.

चिंगी

२५ एप्रिल

दादा,

सत्काराला तू गेला नाहीस, हे वहिनींनी कळवलं. त्याबद्दल मी शाबासकी देणार नाही. न जाणं सोपं असतं.

परवा तू शाळेच्या फाटकातून आत आलास तेव्हा मी तुला ओळखलंच नाही. फोटोत तू उंच दिसतोस. मी मैदानात मुलांना घेऊन बसले होते. तू आलास, बाईंना काहीतरी हळू बोललास आणि खिशातून कागद काढलास. अकरा वर्षांनी समोरासमोर आलो आणि दोघंही त्या कागदाकडे बघत राहिलो.

तू वाचलंस, मला पाठ झालंय. “पान एक्केचाळीसवरील सूचना चुकीची आहे. त्या काळी...” आणि मी डोळे मिटले. म्हटलं, झालं, इतक्या लांब येऊन हे पुन्हा तेच.

पण तुला पुढचं वाचू दिलंच नाही. भिंगरी उठली. ती या वर्गात पाच आठवड्यांत माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिने विचारलं, “तुमच्या मुलीने कशातून बघितलं होतं?”

माझं पत्र तिच्या शाळेतही आलं होतं. तिने ते आईकडून वाचून घेतलं होतं, हे मला नंतर कळलं.

तू म्हणालास, “खोक्यातून.”

“मग आम्हाला का नाही सांगितलंत?”

एक पोरगं चुळबुळलं, बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी वाट बघत होते की आता तू शनीचं नाव काढशील. माझ्याकडे बोट दाखवशील. मी तयार होते, खरं सांगते, मला ते हवं होतं. पण तू कागद घडी करून खिशात ठेवलास आणि म्हणालास, “मला माहीत होतं. कंटाळा केला. लिहिलं नाही.”

बस्स. मग बाईंना तीन ओळींच्या त्या चिठ्ठीवर सही करून दिलीस आणि चारच्या बसला निघालास.

शनी तू गिळलास. मोठेपणा म्हणून केलं असशील तर मला नको तो. तू गेल्यावर मी फाटकापासून परत आले आणि वर्गाला ते पान काढायला लावून सांगितलं, हे चित्र मी लहान केलं नाही म्हणून खोकं आलं नाही. एकाने विचारलं, मग हे पान फाडायचं का? मी म्हटलं, तुम्ही ठरवा. त्यांनी बराच वाद घातला. शेवटी कुणी फाडलं नाही. भिंगरी म्हणाली, शनीने काय केलंय?

परवा संध्याकाळी मी तिला घरी सोडायला गेले. तिच्या आईने दार उघडलं, तू आलास हे ऐकलं, आणि म्हणाली, बरं. मशीनवर जाऊन बसली. मला आत बोलावलं नाही, जा असंही म्हणाली नाही. मी जिन्यातल्या पायरीवर बसून भिंगरीला पुढच्या पाठाची दोन पानं वाचून दाखवली.

डाव्या डोळ्याचा डाग लहान झालाय. उजव्याचा होता तेवढाच आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, आता फार आशा धरू नका.

फाटकातून जाताना तू मला एकच वाक्य बोललास. “ती मुलगी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.” तुझा चेहरा पडला होता. मला इतका राग आला होता की मी पाठ फिरवून मुलांकडे गेले. आता लिहिते.

ती तुझ्या उजव्या खांद्याकडे बघत होती ना? सबंध वेळ? दादा, सरळ बघितलं की तुझ्या जागी तिला करडा डाग दिसतो. खांद्याकडे बघितलं की कडेने तुझा चेहरा दिसतो. अंधूक तारा थेट बघू नका, किंचित बाजूला बघा, मग दिसेल, हे तू हजारो मुलांना शिकवलंस. आणि तुझ्यासमोर एक मुलगी तसं बघत उभी राहिली तर तुला ओळखू आलं नाही.

ती तुझ्याकडेच बघत होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकदाही नजर न काढता.

चौतीसपैकी एक शाळा झाली. सही केलेली चिठ्ठी चिकटवणं हे काम मी करेन, प्रकाशकांनी छापून दिल्या आहेत. पण प्रश्न विचारणारी मुलं प्रत्येक शाळेत असतील, आणि त्यांची उत्तरं मला देता येणार नाहीत. ती तुझी आहेत. यादी सोबत जोडली आहे, पत्त्यांसकट. सोमवारी सकाळी साडेदहाला दुसरी शाळा. तिथे येताना कागद आणू नकोस.

चिंगी